आक्का, फोनवर तुम्ही ऐकून घेत नाही म्हणून इथे लिहितेय

आक्का,

काळजी घेणारी बाई कशी निवडायची, कशी शिकवायची ते तुम्ही मला शिकवलंत, त्याचे फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "गिरणीवर गिऱ्हाईक आलंय" म्हणून विषय बदलता, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०१९ च्या उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर, बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घालताना मी खाली पडले आणि मान मोडली, सी-सिक्स, म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्याजवळची इजा. खांदे, कोपर, मनगट थोडंफार चालतं, बोटं नाही चालत, छातीखाली तर काहीच नाही. नाशिकला ऑपरेशन झालं आणि अमळनेरजवळ गावी भावाकडे आले. भावाने बिचाऱ्याने शहरातल्या एका एजन्सीला फोन करून माझी काळजी घ्यायला चोवीस तासांची मुलगी ठरवली, डिपॉझिट भरलं, आणि दीड महिन्यात तीन मुली बदलल्या. कोण येणार ते मला ती दारात उभी राहिल्यावर कळायचं. माझ्या उशाशी बसून ती वहिनीला विचारायची, "यांना आंघोळ कधी घालायची?" आणि मी गप्प, कारण आधीच सगळ्यांना इतका त्रास, त्यात मी कशाला तोंड उघडू असं वाटायचं. मग रात्री कूस बदलायची राहिली, एकदा नाही बऱ्याचदा, आणि माकडहाडावर जखम झाली. मला तिथे दुखतच नाही तर कळणार कसं. ती भरायला पाच महिने गेले, पाच महिने पालथी आणि कुशीवर.

त्याच दिवसात फिजिओवाल्या मॅडमनी तुमचा नंबर दिला. चोपड्याकडच्या एक बाई आहेत, वीस वर्षं व्हीलचेअरवर, पिठाची गिरणी चालवतात, बोलून बघ म्हणाल्या. मला वाटलं तुम्ही धीर द्याल, देवाचं काहीतरी सांगाल. तुम्ही पहिला प्रश्न विचारला, "बाई कोणी निवडली?" मी म्हटलं भावाने. तुम्ही थोडा वेळ काही बोललाच नाहीत आणि मग म्हणालात, "तुनं आंग शे, तूच सांग." म्हणजे तुझं अंग आहे, तूच सांग.

हे एक वाक्य माझ्या डोक्यात बसायला वर्ष लागलं आक्का. पण काम तुम्ही दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करून घेतलंत. शाळेची वही घे म्हणालात आणि सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तुला काय काय लागतं ते लिहून काढ. भाच्याने लिहिलं, मी सांगितलं. मला वाटलं एक पान होईल, सात झाली. लघवीची नळी कधी बघायची, पिशवी कधी रिकामी करायची, दर दोन तासाला कूस, टाचेखाली उशी कशी ठेवायची, पाणी आधी कोपराने बघायचं कारण मला भाजलेलं कळत नाही. ते वाचून वहिनी रडली, म्हणाली मला यातलं निम्मं माहीतच नव्हतं, आणि मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

मग बाई शोधायची कुठे, तर तुम्ही म्हणालात एजन्सी राहू दे, आशाताईला विचार, बचत गटात विचार, किराणा दुकानावर सांगून ठेव. आणि ती बोलणी करायला आली की भावाला बाहेर बसव. अनुभव आहे का हे सगळे विचारतात, सगळ्या हो म्हणतात, त्यापेक्षा तिला चहा करायला सांग आणि बघ ती साखर किती ते तुला विचारते की वहिनीला. मी अजून हेच करते. नखं बघते, बांगड्या बघते, काचेच्या असतील तर कामाच्या वेळी काढशील का विचारते, कारण ओरखडा गेला तर मला कळणार नाही आणि त्याचीच पुढे जखम होते. आठ दिवस ट्रायल, त्याचे पण पैसे द्यायचे, मग दोघींनी ठरवायचं. दोघींनी, हे तुम्ही दोनदा म्हणाला होतात.

शिकवायची पद्धत पण तुमचीच. नुसतं "बघून घे" म्हणायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, आधी ब्रेक, मग पाय खाली, मग बेल्ट. आणि नवीन बाईला एकदा व्हीलचेअरवर बसवून अंगणात फिरवून आणायला लावता ना तुम्ही, न सांगता मागून ढकलायचं म्हणजे तिला कळतं पोटात कसा गोळा येतो ते. माझ्याकडे सकाळी येणाऱ्या ताईंना तसं फिरवलं तेव्हापासून त्या खुर्चीला हात लावायच्या आधी "चला" म्हणतात.

बीपी एकदम चढलं तर काय करायचं ते लिहिलेला भिंतीवरचा कागद तर प्रत्येकाने लावावा असा आहे. टी-सिक्सला (छातीच्या भागातल्या सहाव्या मणक्याला) किंवा त्याच्या वर इजा असली की लघवी तुंबली किंवा नळी मुरगळली तरी बीपी एकदम वर जातं, डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो आणि घाम सुटतो. बाईला वाटतं पित्त झालं आणि ती आडवं करून झोपवते, आणि तेच करायचं नसतं. आधी सरळ बसवायचं, पाय खाली सोडायचे, कपडे सैल करायचे, नळी बघायची, लगेच नाही उतरलं तर डॉक्टर. मागच्या वर्षी हे खरंच झालं, घरात आम्ही दोघीच होतो, आणि ताईंनी कागदाप्रमाणे सगळं केलं, नळी मांडीखाली दबलेली सापडली. त्या दिवशी तुम्हाला फोन केला तेव्हा मला बोलताच येत नव्हतं.

आणि आपल्याकडचा मे महिना. मला छातीखाली घामच येत नाही त्यामुळे अंग तापत जातं, पंचेचाळीसच्या उन्हात पंखा नुसती गरम हवा फेकतो. पाण्याची स्प्रे बाटली, मानेवर ओला नॅपकिन, आणि लाईट गेली की एअर बेड बसायच्या आत कूस बदलायला माणूस, हे सगळं वहीत तुमच्या सांगण्यावरून आलं. शहरातल्या एजन्सीच्या मुलीला हे कोण सांगणार होतं?

आता माझ्याकडे कामाला होत्या त्या मावशींचं सांगते, कारण ते सगळ्यात अवघड होतं. स्वभावाने फार चांगल्या, मला बेटा म्हणायच्या, पण न विचारता घास भरवायच्या, शिकवणीची मुलं समोर असताना माझे केस विंचरायला लागायच्या, आणि "तुला काय कळतं, मी करते ना" हे ठरलेलं. तीन वेळा सांगून बघितलं. घरचे म्हणाले इतकी मायेची बाई काढतात का, घरच्यासारखी आहे. तुम्ही म्हणालात, "घरच्यासारखी म्हणू नको, घरच्याला पगार नसतो, सुट्टी नसते, आणि त्याला काढता येत नाही." मी त्यांना सांगायला बसले तेव्हा तुम्हाला स्पीकरवर ठेवलं होतं. मला वाटलं मी अडखळले तर तुम्ही बोलाल. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, मी दोनदा थांबले तरी नाही. सगळं मीच बोलले, महिन्याचा हिशोब आणि वर पंधरा दिवसांचे पैसे मीच दिले. त्या रडल्या, मी पण रडले. त्या गेल्यावर तुमचा आवाज आला, "जमनं." आयुष्यात मला इतकं बरं कधी वाटलं नसेल.

तेव्हापासून पगार माझ्या हातून जातो. हात म्हणजे दोन्ही मनगटात पाकीट धरून, पण मीच देते, एक तारखेला, रजिस्टरवर सही घेऊन. आठवड्याची सुट्टी लिहिलेली आहे, उचल किती मिळेल ते लिहिलेलं आहे, घरातली भांडी-धुणं त्यांचं काम नाही हे वहिनीला पण वाचून दाखवलंय. निम्मे पैसे आता शिकवणीतून निघतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्याच आहे, पैसे घेऊन करणारी आणि पैसे न घेता करणारी दोन्ही माणसं त्यात येतात, आणि जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा पण उल्लेख आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. वहिनीला मी ते मुद्दाम सांगितलं. तिचं कामसुद्धा काम म्हणून कायद्यात लिहिलंय हे ऐकून ती किती वेळ बसून राहिली होती.

आक्का, कापूस फुटायला लागलाय. वेचणीला किलोवर पैसे मिळतात, सकाळच्या ताईंनी आधीच सांगून ठेवलंय की दिवाळीपर्यंत त्या शेतात जाणार. तुम्ही म्हणायचा तसं यावेळी मी ऑगस्टपासूनच शोधायला लागले, एकीवर सगळं टाकलेलं नाही, संध्याकाळच्या बाईला पण सकाळचं काम शिकवून ठेवलंय. सोमवारी दोघी नवीन येतायत बोलायला. चहाची साखर वरच्या फळीवर ठेवायला सांगितली आहे, म्हणजे विचारावंच लागेल.

रात्री गिरणी बंद झाली की फोन करते, कोण आवडली ते सांगायला. बिबडे भाच्याच्या हातून पाठवलेत, ज्वारीचेच आहेत, लसूण जरा जास्त झालाय.

तुमची बहीण