आपल्या कॉमोडोरच्या झाकणाविषयी

दादर, कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय बाळ्या,

दिवाळीआधी पत्र टाकतो म्हणालो होतो ते गेल्या दिवाळीबद्दल, मान्य. गुडघा तसाच, बाकी घरी सगळे ठीक.

मस्कतवाला 64सी, आपला तो कीबोर्डातच अख्खा मावणारा जुना कॉम्प्युटर, माळ्यावरून काढला. अर्धा तुझा आहे हे आठवत होतं, म्हणून तर विचारलं नाही. साजूक तुपासारखा पिवळा झाला होता. गोणपाटात गुंडाळून ठेवला तरी पिवळा पडतोच. एबीएस प्लास्टिकमधला रबराचा अंश हवेतल्या ऑक्सिजननं खराब होतो. ऊन आणि उष्णता त्याला घाई करतात, आगीपासून बचावासाठी घातलेलं ब्रोमीनही हातभार लावतं.

खालचे तीन स्क्रू काढले, झाकण पुढून उचललं, दिव्याची आणि कीबोर्डची वायर सोडवली. बटणं पुलरनं सरळ वर ओढायची, तिरकी ओढलीस की खालचा दांडा मोडतो. शिफ्ट लॉकच्या दोन वायरींचं सोल्डर काढल्याशिवाय कीबोर्डमागची सर्किटची पट्टी सुटत नाही, आणि तिला बारीक स्क्रूंची जत्रा. आत काय सापडलं सांगू? जे, के, एलच्या खाली कोकम. वाळलेलं, चिकट. उजव्या बाजूला कोण बसायचं ते तू सांग. इतकी वर्षं माझ्या नावावर खपवलंस, लेका! पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, बटणांच्या दांड्यांखालचे काळे कार्बनचे ठिपके साध्या कागदावर हलकेच घासले. जोरात घासलं तर कार्बनच निघून येतो.

बटणं छान झाली. आधी भांड्यांच्या साबणानं धुतली, मग केमिस्टकडच्या 20 व्हॉल्यूमच्या, म्हणजे 6 टक्के, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून गच्चीवर ठेवली. ऑक्टोबरचं ऊन असल्या कामाला वरदान. अकरा ते चार, दोन दिवस. बटणाच्या पोटात हवा अडकते आणि ते उलटं होऊन तरंगतं, म्हणून जाळीखाली दाबून दर अर्ध्या तासाला हलवायचं. स्प्रिंग किंवा स्पेसबारची तार चुकूनही आत नको, गंजते. आईनं मोठ्या मनानं तांब्याचं घंगाळ देऊ केलं होतं. तांब्यात पेरॉक्साइडचं पाणी व्हायला वेळ लागत नाही, तेव्हा प्लास्टिकचा टबच. वर घट्ट झाकणही लावायचं नाही, आत वायू साठतो.

स्पेसबार मात्र अजून बटणांपेक्षा पिवळट आहे. त्याचं प्लास्टिक वेगळ्या घाण्यातलं असणार. त्याला आणखी एक दिवस ऊन देतोय.

आता मुख्य गोष्ट. झाकण टबात मावेना, म्हणून मी आळस केला. सलूनमध्ये केसांना लावतात ते 40 व्हॉल्यूम, म्हणजे 12 टक्क्यांचं क्रीम ब्रशनं फासलं आणि वर प्लास्टिकची फिल्म गुंडाळली. फिल्मखाली बुडबुडे राहिले, कडेला क्रीम वाळलं. जिथे क्रीम टेकलं तिथे पांढरं, जिथे बुडबुडा तिथे पिवळं. गेमचं कार्ट्रिज खोचतात त्या बाजूला तर चक्क झेब्रा क्रॉसिंग! दर तासाला फिल्म काढून क्रीम पुन्हा सारखं करायला हवं होतं. तू असतास तर केलं असतंस, आणि वर मला ऐकवलंही असतंस.

आता दोनच वाटा. एक, पट्टे तसेच ठेवायचे. दोन, 45 सेंटिमीटर लांबीचा टब आणून झाकण पूर्ण बुडवायचं. त्याला दहा लिटर द्रावण लागेल: प्रिन्सेस स्ट्रीटवरून 30 टक्क्यांचं दोन लिटर, आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आठ लिटर. पेरॉक्साइड पाण्यात ओतायचं, हातात ग्लोव्ह्ज, डोळ्यांवर गॉगल. 30 टक्क्यांचं हातावर पडलं की कातडी पांढरी पडते आणि झोंबतं. अडचण अशी, की पिवळे भाग मागून येऊन गाठतील, पण आधीच रंग उडालेले तिथेच थांबतील याचा भरवसा नाही. जास्त झालं तर वर खडूसारखी पांढरट साय येते. मूळ रंग कोणता याचा पुरावा झाकणाच्या आतल्या बाजूला आहे, तिथे ऊन कधी पोचलंच नाही. तो रंग नजरेसमोर ठेवून दर तासाला काढून बघायचं, पाणी 60 अंशांपुढे जाऊ द्यायचं नाही, नाहीतर झाकण वाकडं होईल. आणि एवढं करूनही काही वर्षांनी पिवळेपणा परततोच. रंग मारू म्हणशील तर म्हणूच नकोस, त्यावर आपण 1991 सालीच भांडलोय.

मला वाटतं बुडवावं. पण झाकणाचा अर्धा हिस्सा तुझा. कार्ट्रिजची बाजू तुझी धरू. तुझ्या हो शिवाय टब आणणार नाही. ऊन अजून दोन-तीन आठवडे मिळेल.

तुझ्या मुलीच्या प्रवेशाचं कळलं, छान झालं. घराचं काम कुठवर आलं? वहिनींना नमस्कार.

तुझा,
पक्या

ता. क. स्पेसबारखालची स्प्रिंग बाकीच्यांपेक्षा जाड असते, ती वेगळ्या पुडीत ठेवली आहे. इथे लिहून ठेवतोय, कारण हरवली तर तू मलाच धरशील. आणि जुना पॉवर सप्लायचा ठोकळा मी लावलेला नाही. त्याचे 5 व्होल्ट चढले तर रॅमच्या चिपा जातात, आधी मीटर लावून बघू.