मनमाडच्या मालगाड्या

मनमाड,
जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी दुपारी रुळांकडे जाऊन मी नेमके काय पाहतो, असे बाबांनी फोनवर विचारले होते, आणि माझे उत्तर अर्धवटच राहिले. पानेवाडीच्या बाजूला एका शेताच्या बांधावर, रुळांपासून चांगला लांब (हे आईसाठी), मी मालगाड्या पाहत बसतो. पौषातले ऊन भर दुपारीही अंगावर घ्यावेसे वाटते आणि कोरड्या हवेत हडबीच्या शेंडीचा सुळका दूरवर स्पष्ट दिसतो.

कोलाडहून वेर्ण्याकडे ट्रक वाहून नेणारी रो-रो गाडी आपण चिपळूणला पाहतो, तिच्यावरचा माल विचारावाच लागत नाही. इथे मात्र तो वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, आकारावरून ओळखावा लागतो. गोल टाक्यांची गाडी इंधनाची असते. मुंबईहून नळवाहिनीने मनमाडपर्यंत आलेले पेट्रोल-डिझेल इथल्या डेपोतून पुढे रेल्वेने जाते. बंद वाघिणींत बहुधा धान्य, सिमेंट किंवा खत असते, आणि अन्न महामंडळाची मोठी गोदामे मनमाडलाच असल्यामुळे मी आधी धान्यच धरून चालतो. उघड्या वाघिणींतून विदर्भाकडचा कोळसा एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडे जातो. अशा एका गाडीला साधारण 58 वाघिणी असतात. याच दिवसांत लासलगाव-निफाडकडून लाल कांदाही उत्तरेकडे निघतो. तो उन्हाळ कांद्यासारखा टिकत नाही, त्यामुळे त्याची गाडी रखडली की व्यापाऱ्यांचा जीव टांगणीला लागतो.

तरीही खरी गंमत गाडी उभी असतानाच असते. मेल-एक्सप्रेसला वाट देण्यासाठी मालगाडीला लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतात, आणि मग वाघिणीवर रंगवलेले रिकामे वजन, भारक्षमता, पुढच्या दुरुस्तीची तारीख, सगळे दुर्बिणीतून सावकाश वाचता येते. सिग्नल मिळाला तरी ती लगेच निघत नाही, कारण ब्रेकच्या नळीतला हवेचा दाब थेट शेवटच्या वाघिणीपर्यंत पुरेसा व्हावा लागतो. त्यानंतर इंजिन पहिली वाघीण ओढते, तिच्या जोडणीतला ढिलेपणा संपला की दुसरी हलते, आणि तो खडखडाट पार मागच्या ब्रेकव्हॅनपर्यंत धावत जातो. मधेपुऱ्यात बनणारे बारा हजार अश्वशक्तीचे जोडइंजिन असेल तर हे सारे इतक्या सहज घडते की मला, खरे सांगायचे तर, थोडा विरसच वाटतो. ब्रेकव्हॅनमध्ये पूर्वीसारखेच गार्ड असतात, मात्र 2022 पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात. मागची ‘एलव्ही’ची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी दिसली, की गाडी मध्येच तुटलेली नाही, पूर्ण गेली, याची स्टेशनमास्तरांना खात्री पटते; बाबांना ही व्यवस्था नक्की आवडेल.

म्हणून आग्रह करतो की फेब्रुवारी संपण्याआधी तुम्ही दोघांनी यावे, कारण नंतर इथले ऊन तुम्हांला झेपणार नाही. बांधापर्यंत रिक्षा जाते, त्यामुळे बाबांच्या गुडघ्याला त्रास होणार नाही, आणि बसायला खुर्च्या शेजारचे शेतकरी आनंदाने देतात. चिपळूणच्या मानाने रात्री थंडी फार असते, तेव्हा स्वेटर आणि कानटोप्या आठवणीने आणाव्यात. तिकिटे मी काढतो, फक्त तारीख कळवा.

तुमचा,
बाळू