वायफाय तुटते म्हणून अपडेट बंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोजचे अपडेट झाले आणि दुसऱ्या दिवसापासून घरातले वायफाय दर दहा मिनिटांनी तुटू लागले, ही तक्रार अनेकांची असते. त्यावर सर्रास दिले जाणारे सल्ले दोनच: संगणक फॉरमॅट करा, नाहीतर अपडेट कायमचे बंद करून टाका. पहिल्यात एक दिवस फुकट जातो आणि तोच बिघडलेला ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) पुन्हा येऊन बसू शकतो. दुसरा तर धोक्याचाच आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये वायफायच्या डब्ल्यूपीए-२ सुरक्षेतच ‘क्रॅक’ नावाची त्रुटी उघड झाली, तेव्हा संगणकांवर ती बुजवली गेली ती अपडेटमधूनच. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी बिघाड कुठे आहे ते ठरवावे. आपला फोन त्याच खोलीत, त्याच वायफायवर ठेवून पाहावा. फोनचेही वायफाय त्याच क्षणी जात असेल तर संगणकाच्या अपडेटला दोष देण्यात अर्थ नाही. फोन व्यवस्थित चालत असेल तर संगणकावर कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या, दोन खिडक्या उघडाव्यात. राउटरचा पत्ता तिथे ‘आयपीकॉन्फिग’ (सलग इंग्रजी अक्षरांत) टाइप केल्यावर ‘डिफॉल्ट गेटवे’समोर सापडतो, बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. पहिल्या खिडकीत ‘पिंग’ (समोरून उत्तर येते का हे तपासणारी आज्ञा), एक जागा सोडून हा पत्ता, पुन्हा जागा सोडून वजा चिन्ह व त्याला जोडून ‘टी’ हे इंग्रजी अक्षर टाइप करावे. दुसऱ्या खिडकीत तेच, फक्त पत्ता ८.८.८.८, म्हणजे घराबाहेरचा, गुगलचा सर्व्हर. दोन्ही चालू ठेवून नेहमीचे काम करत राहावे.

नेट गेले की या खिडक्यांकडे पाहावे. पहिल्याच खिडकीत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल, किंवा एरवी पाच-सात मिलिसेकंदांत येणारे उत्तर शेकड्यांत गेले असेल, तर दोष संगणक आणि राउटर यांच्यामधल्या बिनतारी टप्प्यात आहे. पहिली खिडकी शांतपणे उत्तरे देते आहे आणि दुसरी अडकली आहे, तर बाहेरून येणारी लाइन तपासायला हवी. दोन्ही सुरळीत असूनही वेबसाइट उघडत नसतील तर गडबड बहुधा डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेची. या एका चाचणीने निम्मी धावपळ वाचते.

दोष बिनतारी टप्प्यातच निघाला तर प्रथम ‘रीस्टार्ट’ करावे. रोज ‘शट डाउन’ करणाऱ्यांना वाटते की संगणक रोज नव्याने सुरू होतो. पण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. बिघडलेला ड्रायव्हर मग बिघडलेलाच जागा होतो. रीस्टार्टमध्ये तसे होत नाही.

तेवढ्याने भागले नाही तर ड्रायव्हरकडे वळावे. अपडेटनंतर सर्वाधिक संशय इथेच घ्यावा. विंडोज अपडेट कधी कधी लॅपटॉपच्या कंपनीने दिलेला ड्रायव्हर काढून दुसरा बसवते आणि तो त्या कार्डाशी नीट जुळत नाही. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा आणि ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली ज्या नावात ‘वायरलेस’ किंवा ‘वायफाय’ आहे तेच निवडावे. ‘वॅन मिनिपोर्ट’ वा ‘व्हर्च्युअल’ लिहिलेल्यांना हात लावू नये. प्रॉपर्टीजमधल्या ‘ड्रायव्हर’ टॅबवरची तारीख आणि आवृत्ती कागदावर लिहून घ्यावी. तारीख अपडेटच्या आसपासची असो वा नसो, आवृत्ती बदलली का हे पुढे याच नोंदीवरून कळते. मग ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून रीस्टार्ट करावे.

हे बटण फिकट दिसत असेल तर परत जाण्यासाठी जुना ड्रायव्हर उरलेला नाही असे समजावे. तरीही एक वाट असते: ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, मग संगणकावर उपलब्ध ड्रायव्हरांच्या यादीतून निवडण्याचा पर्याय. तिथे त्याच कार्डाच्या दोन-तीन आवृत्त्या दिसल्या तर वेगळी घेऊन पाहावी. यादीत एकच असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ दाबण्याआधी ती फाइल संगणकात किंवा पेनड्राइव्हवर उतरवलेली असलीच पाहिजे. नाहीतर वायफाय गेलेले आणि ड्रायव्हर इंटरनेटवर, अशी अवस्था होते. तसे झालेच तर फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ (फोनचे इंटरनेट संगणकाला देणारी सोय) चालू करावे, त्याला वायफाय कार्ड लागत नाही. जुना ड्रायव्हर बसवल्यावर विंडोज अपडेट लगेच नवा लादू नये म्हणून अपडेट थोडे दिवस ‘पॉज’ करावे. विंडोज ११ मध्ये ५ आठवड्यांपर्यंत तशी सोय आहे.

लॅपटॉप बॅटरीवर असतानाच किंवा झोपेतून उठल्यावरच वायफाय जात असेल तर वीजबचतीचा संशय घ्यावा. ड्रायव्हर बदलला की त्याच्या सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात. त्याच प्रॉपर्टीजमधल्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची संगणकाला परवानगी देणारी खूण असते, ती काढावी. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅब दिसतच नाही, तो कुठे हरवला म्हणून शोधत बसू नये.

‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर, कार्डानुसार, ‘प्रेफर्ड बँड’ असते, म्हणजे २.४ की ५ गिगाहर्ट्झ यांपैकी कोणत्या पट्ट्याला पसंती द्यायची ते. अपडेटनंतर संगणक दोन भिंतींपलीकडूनही ५ गिगाहर्ट्झलाच चिकटून बसत असेल तर राउटरमध्ये दोन्ही बँडना वेगवेगळी नावे देऊन दूरच्या खोलीत २.४ वापरावा. २.४ मध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडावे आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. मधली चॅनेल दोन्हीकडच्या गर्दीत सापडतात. ५ मध्ये ५२ ते १४४ ही चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. राउटरला रडारचा संकेत जाणवला की त्याला चॅनेल सोडावेच लागते आणि घरातली सगळी उपकरणे एकदम तुटतात. ३६ ते ४८ मध्ये हा प्रश्न येत नाही. लॅपटॉपला लावलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा तिची केबलसुद्धा २.४ वर गोंगाट करते. ती काढून एकदा पाहावे.

राउटरवर डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ मिश्र असेल तर जुने कार्ड अडखळू शकते. तात्पुरते एईएससह (माहिती सांकेतिक करण्याची पद्धत) डब्ल्यूपीए-२ ठेवून पाहावे. पासवर्ड काढून मात्र कधीही पाहू नये. राउटरमध्ये ठरावीक मॅक पत्त्यांनाच (उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक) प्रवेश असेल तर विंडोजमधले हा पत्ता बदलणारे ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ बंद आहे ना, हे बघावे.

‘नेटवर्क रीसेट’ हा उपाय पहिला नव्हे, शेवटचा. तो जपलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसतो, व्हीपीएनची (इंटरनेटवरून केलेली सुरक्षित खासगी जोडणी) मांडणी घालवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निदान दोन-तीन तास वापरून पाहावी, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

एवढे करूनही दोष अपडेटचाच निघाला तर ‘अपडेट हिस्टरी’मधून ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करता येते, आणि मोठी आवृत्ती बदलली असेल तर ‘रिकव्हरी’मधले ‘गो बॅक’ साधारण १० दिवस उपलब्ध असते. असा दोष खरोखर होतो. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या अपडेटनंतर काही संगणक कार्यालये आणि विद्यापीठांच्या वायफायला जोडले जाईनात. मायक्रोसॉफ्टने ते मान्य केले आणि ‘नोन इश्यू रोलबॅक’ या सोयीने नेमका तेवढाच बदल मागे घेतला. हा दुरुस्तीचा मार्गही विंडोज अपडेटचाच. ज्याने ते कायमचे बंद केले, त्याच्यापर्यंत ती पोचण्याची वाटच राहत नाही.

आणि पिंगच्या दुसऱ्या खिडकीने लाइनकडे बोट दाखवले असेल तर सेवा देणाऱ्याकडे तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगू नये. कोणत्या वेळी, किती मिनिटे, राउटरला उत्तर येत असताना ८.८.८.८ ला आले नाही, हे वेळेनिशी लिहून द्यावे आणि खिडकीचा स्क्रीनशॉट जोडावा.

आपला,
संगणक व नेटवर्क देखभालीच्या कामातील एक वाचक