इलेक्ट्रिक कुकरला शिट्टी नसते

महोदय,

आपल्या पुरवणीतल्या कृतीत चोरिस (गोव्याचे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज) पुलावाला 'चार शिट्ट्या' सांगितल्या आहेत. इलेक्ट्रिक प्रेशर कुकर शिट्टी देत नाही. मिनिटे मोजायची, तीही दाब भरल्यावर.

२५० ग्रॅम चोरिसांची दोरी, आवरण काढून आतले मांस तेलाशिवाय भांड्यातच परता. चरबी आपोआप सुटते. तिच्यातच दोन कांदे लाल करा. मग एक वाटी पाणी ओतून लाकडी उलथन्याने तळ खरवडून काढा. घाई नेमकी इथेच होते. तळाला मसाल्याचा तांबडा थर राहिला की तो करपतो, 'बर्न'ची सूचना येते आणि दाब भरत नाही. १२ मिनिटे शिजवून वाफ सोडा. आता भिजवून निथळलेला दोन वाट्या बासमती घाला; रस धरून पाणी दोनच वाट्या, नाहीतर खिमट होईल. चार मिनिटे दाब, मग १० मिनिटे हात लावू नका. वाफ लगेच सोडली तर चरबीचा फेस झडपेतून उडतो.

मीठ रस चाखूनच. चोरिस मुळातच खारट, आंबट. झाकणाची रबरी रिंग मात्र वेगळी ठेवा, ती वास धरते; पुढच्या खिरीला चोरिसातला लसूण शोभत नाही.

– एक वाचक, मडगाव