ट्यूलिपचे कांदे पाठवत नाही

न्यू जर्सी, १० मार्च

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तू ट्यूलिपचे कांदे मागितले होतेस, ते पाठवत नाही. रागावू नकोस, कारण सांगते.

रविवारी फिलाडेल्फियाच्या फ्लॉवर शोला गेलो होतो. हे, मी, चिऊ आणि साडीवर स्वेटर चढवलेल्या ह्यांच्या आई. बाहेर फुटपाथच्या कडेला बर्फाचे काळपट ढीग, आणि आत प्रचंड हॉलमध्ये फरशीवर माती ओतून उभ्या केलेल्या बागा. दारातच ओल्या मातीचा वास आला. चार महिन्यांनी! मी तिथंच थबकले, मागचे लोक वैतागले. हा शो १८२९ साली सुरू झाला, म्हणजे साताऱ्यात प्रतापसिंह महाराज गादीवर होते तेव्हा. तुझ्या गच्चीतलं ते लाल पानांचं पॉइनसेटिया आहे ना, ते अमेरिकेतल्या लोकांनी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच प्रदर्शनात.

तर ट्यूलिप. मार्चच्या सुरुवातीला ते इथंही आपणहून फुलत नाहीत. कांदे कुंड्यांत लावून बारा-पंधरा आठवडे शीतगृहात ठेवायचे, मग प्रदर्शनाच्या तारखेपासून उलटे दिवस मोजून काचघरात उबेला आणायचे. कांद्याला वाटतं, संपला हिवाळा. ह्यांच्या आई म्हणाल्या, "म्हणजे आढीतला आंबाच की!"

आता साताऱ्याची थंडी त्याला कुठली पुरायला? फ्रिजमध्ये ठेवशील म्हणावं, तर त्यात केळी-चिकू चालत नाहीत. पिकणाऱ्या फळांतून जो वायू निघतो त्यानं कांद्यातली कळी आतल्या आत मरते. बाबा तीन महिने बिनफळांचा फ्रिज सहन करतील का? शिवाय परवान्याशिवाय कांदे विमानातून आणताही येत नाहीत.

मला खरं आवडलं ते मात्र एका बाजूला होतं. घरगुती कुंड्यांची स्पर्धा. तुझ्यासारख्या हौशी बायका-पुरुष घरची कुंडी घेऊन येतात, परीक्षक बारीक बघतात, पहिल्याला निळी फीत. एकाही कुंडीत पिवळं पान नाही, कडासुद्धा पुसलेल्या. आणि एक निळी फीत कुणाला, तर कोरफडीला! आपल्या न्हाणीघरामागं डालड्याच्या डब्यात आहे, तिची श्रीमंत चुलत बहीण म्हण. चिऊनं विचारलं, आजीच्या कोरफडीला का नाही बक्षीस? म्हटलं, आजी कुणाचा हात भाजला की पान तोडते, परीक्षकांना ते खपायचं नाही.

परतताना गाडीत ह्यांनी कासच्या पठाराचा विषय काढला. लग्नानंतर पहिल्यांदा यवतेश्वरच्या घाटातून गेलो होतो, धुक्यात काही दिसेना, आणि तू म्हणालीस खाली बघा, पायाशी. कातळावरच्या चिमूटभर मातीत सीतेच्या आसवांची इवली फुलं. चिऊला हे कुठं माहीत आहे! सप्टेंबरात येतोय. कासचं बुकिंग आधी करून ठेव, शनिवार-रविवार नको, तेव्हा माणसंच बघावी लागतात. येताना राजवाड्यावरून कंदी पेढे घेऊ, बाबांना सांगू नकोस.

चिऊनं भेटवस्तूची निळी रिबीन कापून फीत केली आहे, बॅगेतही भरली. तेव्हा कोरफडीचं एक तरी पान शाबूत ठेव. डबा मात्र बदलू नकोस.

तुझी,
बेबी