लाल दिसणारी अळी बघणार कोण?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की डेंग्यूच्या मागोमाग तो फॉरवर्डपण येतोच, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यंदाही आलाय, की लॅबमध्ये बनवलेले जीएम (म्हणजे जीन बदललेले) डास पुण्यात गुपचूप सोडलेत. नुसतं खोटं आहे म्हणून कोणी ऐकत नाही, म्हणून असे डास ओळखतात कसे ते लिहितोय.

असे डास बनवणाऱ्या ऑक्सिटेक कंपनीच्या डासात एक मार्कर जीन, म्हणजे ओळखीची खूण असतो, मूळ प्रवाळातला, त्याने लाल चमकणारं प्रोटीन तयार होतं. अंधारात लुकलुकत वगैरे नाही हां, ठराविक रंगाचा प्रकाश टाकून फिल्टरवाल्या मायक्रोस्कोपखाली अळी धरली तरच दिसतं, त्यामुळे बाथरूमच्या भिंतीवर मारलेला डास बघून काहीही कळत नाही. काळ्या डब्यात थोडं पाणी आणि खरबरीत पट्टी ठेवतात, मादी तिच्यावर अंडी घालते, ती लॅबमध्ये उबवायची आणि अळ्या एकेक करून बघायच्या, लाल किती नि साध्या किती. सोडलेल्या नरांचा (नर चावत नाहीत, हेपण फॉरवर्ड करा कोणीतरी) तिथल्या माद्यांशी संकर होतोय का ते त्यावरनं समजतं.

आपल्याकडे जालन्याजवळ दावलवाडीला २०१७ मध्ये चाचण्या सुरू झाल्या होत्या, पण त्या पिंजऱ्यात. आणि पुदुच्चेरीच्या आयसीएमआर संस्थेचे वोल्बाकियावाले डास वेगळे, त्यात जीन बदललेला नाही, जीवाणू आहे, ते ओळखायला पीसीआरसारखी डीएनए शोधणारी लॅब टेस्ट लागते.

पण माझी खरी शंका पुढेच आहे. मार्कर फक्त बाहेरून घातलेला जीन दाखवतो. ब्राझीलच्या जाकोबिनात सोडलेल्या डासांचा बाकीचा डीएनए तिथल्या डासांत मिसळला असं २०१९ च्या एका पेपरमध्ये आलं, त्याच्या निष्कर्षांवर कंपनीने आक्षेप घेतला, बराच वाद झाला, तो बाजूला ठेवला तरी असं मिसळणं लाल रंगावरून दिसत नाही हे खरंच आहे ना, त्याला डीएनए सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनए अक्षर न् अक्षर वाचणं लागणार.

म्हणून उद्या मोकळ्यावर डास सोडायची परवानगी कोणी मागितलीच, तर अळ्या मोजायचं काम एकट्या कंपनीकडे देऊ नका. पुण्यात एनआयव्ही (विषाणू संस्था) आहे, आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) आहे, विद्यापीठ आहे, त्यांच्यापैकी कोणाकडून तरी तपासून घ्या, आकडे वॉर्डप्रमाणे जाहीर करा, आणि सोडायच्या आधीचे इथले डासपण पकडून जपून ठेवा, नाहीतर नंतर तुलना करणार कशाशी?

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे