विकलेल्या गेममध्ये मागाहून जाहिरात? ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
कृषी भवन, नवी दिल्ली

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय, कारण मला नीट चिडता येतं ते मराठीतच. आपल्या कार्यालयात कुणीतरी वाचून दाखवेलच.

गेल्या दिवाळीच्या बोनसमधून मी गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम घेतला. साडेतीन हजार रुपये. चाळिशीला आलेल्या माणसाने एवढे पैसे गेमवर घालावेत का, हा आमच्या घरातला जुना वाद आहे, तो इथे नको. दोन-अडीच महिने मजेत खेळलो. मग एक अपडेट आलं आणि दुसऱ्या दिवसापासून शर्यत सुरू व्हायच्या आधी टायरची जाहिरात लागायला लागली. ती टाळायचं बटणच नाही. मागे पेपर वाचत बसलेल्या बाबांनी विचारलं, "फुकटातला आहे का रे हा?"

फुकटातला असता तर तक्रार नव्हती. फुकट गेम घेताना जाहिराती बघाव्या लागणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी पैसे परत मागितले. ऑनलाइन दुकानाचं उत्तर आलं: दोन तासांहून जास्त खेळलात, आता परतावा नाही. अहो, जाहिरात उगवली सत्तराव्या तासाला! ती मी पहिल्या दोन तासांत कुठून बघणार होतो?

कंपनीचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. ऑगस्ट २०२० मध्ये ईए या कंपनीचा 'यूएफसी ४' हा मारामारीचा गेम बाजारात आला. परीक्षणं छापून झाली, लोकांनी विकत घेतला, आणि सप्टेंबरमध्ये त्यातल्या रिप्लेंच्या मध्ये एका वेबमालिकेची पडदाभर जाहिरात झळकू लागली. खेळणाऱ्यांनी बोंब ठोकली तेव्हा काढली. पुढच्याच महिन्यात 'एनबीए २के२१' या ६० डॉलरच्या गेममध्ये सामन्याआधी न टाळता येणारी जाहिरात आली. कंपनी म्हणाली, ती तिथे लागायला नको होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये यूबीसॉफ्ट या कंपनीच्या जुन्या 'असॅसिन्स क्रीड' गेममध्ये खेळता खेळता नकाशा उघडावा तर समोर नव्या गेमवरची सवलत! ती म्हणे तांत्रिक चूक होती. सवलतीच्या हंगामातच बरी होते अशी चूक.

सगळ्याच जाहिरातींवर माझा राग नाही. क्रिकेटच्या गेममध्ये सीमारेषेवर फलक नसतील तर मैदान ओकंबोकं दिसेल. पण फलकांचंही आता बदललंय. ते इंटरनेटवरून येतात, रोज बदलता येतात, आणि किती सेकंद, कुठल्या कोनातून दिसले याची मोजदाद होते. २००८ मध्ये अमेरिकेच्या निवडणुकीआधी 'बर्नआउट पॅराडाइज'सारख्या विकतच्या गेममध्ये रस्त्याकडेला ओबामांच्या प्रचाराचे फलक लागले होते. आपल्याकडच्या निवडणुका आठवून पुढचं वाक्य मी गिळतो.

त्याच्याही आधी, २००६ मध्ये, 'बॅटलफील्ड २१४२'च्या खोक्यात एक चिठ्ठी निघायची: या गेममध्ये जाहिराती दाखवायची यंत्रणा आहे. लोक त्यावरही भडकले. आज मला ती चिठ्ठीसुद्धा चालेल. आता गेम थेट इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा, खोकंच उरलं नाही, त्यामुळे चिठ्ठी घालणार कशात?

आता आपल्या खात्याविषयी. फसव्या डिजिटल क्लृप्त्यांविरुद्ध, म्हणजे डार्क पॅटर्नविरुद्ध, ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यात १३ प्रकार आहेत. मी ते एकेक करून वाचले. जाहिरात वेष पालटून आली तर ती पकडली जाते. माझ्या टायरवाल्याने वेष वगैरे काही पालटला नाही, तो सरळ दारात उभा राहिला. त्याला लागू पडण्यासारखा प्रकार आहे तो 'नॅगिंग'चा, म्हणजे विक्रीसाठी ग्राहकाच्या कामात पुन्हा पुन्हा व्यत्यय आणून त्याला पिडणं. पण त्या व्याख्येच्या शेपटीला जोडलंय की ग्राहकाने खास परवानगी दिलेली नसेल तरच. परवानगी? ती गेम पहिल्यांदा सुरू करताना 'मला मान्य आहे' दाबलं तेव्हाच काढून घेतलेली असते, असं कंपनी म्हणणार. तो करारनामा मी वाचला नव्हता. आपणही वाचला नसता.

बिस्किटाच्या पुड्यावर वजन, कमाल किंमत, उत्पादकाचा पत्ता, तक्रार कुठे करायची, हे सगळं छापायला लावणारा नियम आपल्याच खात्याचा आहे. पाच रुपयांच्या पुड्याला जे लागू, ते साडेतीन हजारांच्या गेमला का नसावं? गेमच्या किमतीशेजारी मोठ्या अक्षरात लिहायला लावा: आत जाहिराती आहेत की नाहीत, कुठे आहेत, बंद करता येतात का. नाहीत म्हणून विकला आणि मागाहून घातल्या, तर पूर्ण पैसे परत, मग ग्राहक दोन तास खेळलेला असो की दोनशे. आणि पहिल्या दिवशी दाबलेलं बटण ही पुढच्या जाहिरातींची परवानगी नव्हे, एवढं त्या सूचनांमध्ये स्पष्ट करा.

बाबांचं मत निराळं आहे. ते म्हणतात, केबलचे पैसे भरूनही आपण जाहिराती बघतोच की. खरं आहे. पण तिथे निदान तासाला १२ मिनिटांची मर्यादा कागदावर आहे, आणि मालिका मध्येच थांबणार हे टीव्ही लावतानाच माहीत असतं. यावर बाबा पेपरात डोकं घालतात. त्या पेपराच्या पहिल्या पानावरही जाहिरातच असते, पण पेपर साडेतीन हजारांना मिळत नाही.

काल रात्री आणखी एक अपडेट आलंय, सव्वाचार जीबीचं. त्यात काय बदललंय याच्या जागी 'किरकोळ सुधारणा' एवढंच लिहिलंय. मी ते अजून उतरवून घेतलेलं नाही. घेतल्याशिवाय गेम सुरू होत नाही.

आपला,
एक ग्राहक, चिंचवड